सेवकाच्या विसाव्याचा प्रश्न

मन लावून सेवा करणारा ख्रिस्ती माणूस काही वर्षांनी आतून कोरडा पडतो, ही गोष्ट मंडळ्यांना चांगली ठाऊक आहे. तिच्याविषयी बोलले मात्र क्वचितच जाते. पाळक उपदेश देतच असतो, संडे स्कूलची शिक्षिका वर्ग घेतच असते, सिस्टर दवाखान्यात वेळेवर हजर असते. पण प्रार्थना ओठांच्या आत उतरत नाही, कोणी भेटायला आले की कपाळाला आठी पडते आणि आपल्या कामाचा कोणाला काही उपयोग होतो का, हा प्रश्न रात्री झोपू देत नाही. साधा थकवा एका रात्रीच्या झोपेने उतरतो. झोपेने, सुटीने, चार दिवस गावी जाऊन आल्यानेही जो उतरत नाही, त्याला आता सगळीकडे बर्नआउट म्हणतात.

या अवस्थेला अभ्यासात स्थान मिळाले ते सेवाभावी कामातूनच. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यातील अनुभवावरून एक लेख लिहिला. ते स्वतः दिवसा आपला व्यवसाय सांभाळून रात्री तिथे विनामोबदला काम करत. त्यांना दिसले ते असे, की ज्यांनी कामाला वाहून घेतले आहे तेच आधी कोसळतात. पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी या अवस्थेची तीन लक्षणे मांडली: भावनांचा साठा आटणे, ज्यांच्यासाठी काम करायचे त्या माणसांविषयीच मन निबर होणे आणि आपल्या हातून काही भले होत नाही असे वाटत राहणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद घेतली, पण आजार म्हणून नव्हे; कामातला ताण दीर्घकाळ न हाताळला गेल्याचा परिणाम म्हणून. म्हणजे कारण शोधायचे तर माणसाच्या श्रद्धेत किंवा स्वभावात शोधण्याआधी त्याच्या कामाच्या रचनेत शोधले पाहिजे.

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत ही रचना कशी आहे? २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवर आणि लातूरची २४ लाखांवर होती. त्यात ख्रिस्ती माणसांचे प्रमाण एक टक्क्याहून पुष्कळ कमी. ही थोडी माणसेही एका जागी नाहीत. नांदेडचे १६ तालुके किनवट-माहूरच्या जंगलापासून देगलूर-बिलोलीच्या सीमेपर्यंत पसरलेले, लातूरचे १० तालुके औसा-निलंग्यापासून उदगीर-जळकोटपर्यंत. कॅथलिक पंथीयांसाठी १९७७ साली औरंगाबादचा धर्मप्रांत वेगळा झाला, तेव्हापासून सगळा मराठवाडा त्या एका धर्मप्रांतात येतो. मेथडिस्ट मंडळ्या आहेत, उत्तर भारतीय मंडळीच्या आहेत आणि गेल्या काही दशकांत वाढलेल्या स्वतंत्र मंडळ्याही आहेत. त्या घराच्या ओसरीवर, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा भाड्याच्या हॉलमध्ये भरतात. पंथ कोणताही असला तरी चित्र बरेचसे सारखे आहे: माणसे थोडी, अंतरे लांब आणि सगळा भार एका माणसावर.

तालुक्याच्या गावी राहणाऱ्या पाळकाचा रविवार पाहिला की हे ध्यानात येते. पहाटे उठून उपदेशाची टिपणे शेवटची चाळायची. साडेआठला संडे स्कूलही त्यानेच घ्यायचे, कारण शिकवणारी मुलगी परीक्षेला गेलेली असते. दहाला उपासना. उपासना संपल्यावर दारात उभे राहून प्रत्येकाला सलाम करायचा, आणि तिथेच दोघेतिघे थांबलेले असतात: एकाच्या मुलाला वसतिगृहात प्रवेश हवा असतो, एकीचा नवरा पिऊन मारतो, एका म्हातारीला डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख विचारायची असते. जेवायला तीन वाजतात. चार वाजता मोटारसायकल काढून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या वस्तीवर जायचे. तिथली माणसे रानातून परत येईपर्यंत अंगणात बसून राहायचे, दिवेलागणीनंतर सभा घ्यायची आणि रात्री दहाला अंधाऱ्या रस्त्याने परत फिरायचे. घरी पोचावे तर फोन वाजतो. कोणाला तरी सरकारी दवाखान्यात नेलेले असते. सोमवारी दफनविधी निघाला तर तोही त्याचाच. शुक्रवारची उपवास-प्रार्थना, शनिवारचा तरुण संघ, महिन्यातून एकदा रात्रभराची प्रार्थना, नाताळाआधी महिनाभर घरोघरची गाणी. या सगळ्यात सुटीचा दिवस म्हणून कॅलेंडरवर कुठेच खूण नसते.

या घरात आणखी एक माणूस राबत असते, आणि तिचे नाव मंडळीच्या पगारपत्रकात नसते. पाळकीणबाईंनी महिला मंडळ चालवायचे, पाहुण्यांचा चहा-स्वयंपाक पाहायचा, रुग्णाच्या उशाशी बसायचे, मंडळीतल्या भांडणात दोन्ही बाजूंचे ऐकून गप्प राहायचे. त्यातल्या अनेकजणी शाळेत किंवा दवाखान्यात नोकरीही करतात, कारण पाळकाच्या मानधनात मुलांची शिक्षणे होत नाहीत. सेवकाच्या थकव्याची चर्चा निघते तेव्हा तिचा थकवा हिशेबात धरला जात नाही. हा अन्याय आहे आणि तो अन्याय म्हणूनच बोलला पाहिजे.

स्वतंत्र मंडळीचा पास्टर तर आणखी अडचणीत असतो. त्याचे घर रविवारच्या दानार्पणावर चालते. तो एक रविवार गैरहजर राहिला तर दान घटते, आणि दोन-तीन रविवार राहिला तर माणसे दुसऱ्या सभेला जाऊ लागतात. त्यामुळे विसावा घेणे त्याला परवडत नाही. मंडळीतल्या माणसांचीही गत फारशी वेगळी नाही. पुष्कळ मंडळ्यांत शेतमजूर आणि बांधकामावर जाणारी कुटुंबे आहेत. त्यांनी रविवार पाळला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. मुखेड-कंधार-जळकोटच्या डोंगरी भागातली कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघून जातात, आणि फडावर कोयत्याला आठवड्याची सुटी नसते. लातुरात तरुण संघाचा पेटीवाला आणि ढोलकीवाला शिकवणीच्या चाचण्यांत अडकलेला असतो. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षाही रविवारीच येते. विश्रांतीवर लिहिताना या माणसांना 'स्वतःसाठी वेळ काढा' एवढाच सल्ला देणे म्हणजे त्यांची परिस्थिती न पाहणे होय.

तरीही पैसा आणि अंतर ही दोन कारणे पुरी पडत नाहीत. खोलवर एक समजूत आहे. देवाचे काम करणाऱ्याने थकू नये, आणि थकलाच तर तो विश्वासात कमी पडला. जास्त उपास, जास्त प्रार्थना, जास्त सभा हाच त्यावर उपाय, असे थकलेल्या माणसाला सांगितले जाते आणि तो स्वतःलाही तेच सांगतो. या समजुतीला आधार म्हणून पौलाच्या कष्टांची यादी पुढे केली जाते: फटके, तुरुंग, फुटलेली गलबते, जागरणे. पौलाने हे सोसले यात शंका नाही. पण त्याच पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय उघडावा. त्यात तो पंचवीसहून अधिक सहकाऱ्यांची आणि ओळखीच्यांची नावे घेऊन सलाम पाठवतो, आणि त्यात स्त्रियांची नावे ठळक आहेत. पौलाचा आवेश इतकी वर्षे टिकला त्यामागे ही माणसे होती. एकट्याने पेटून उठणारा प्रेषित हे चित्र पत्रांतून निघत नाही.

पवित्र शास्त्रात बर्नआउटचे सर्वांत जवळून केलेले वर्णन एलीयाचे आहे. कर्मेल डोंगरावर त्याने बआलाच्या संदेष्ट्यांना हरवले, म्हणजे त्याच्या सेवेचा तो सर्वांत मोठा दिवस. लगेच ईजबेल राणीची धमकी आली आणि हाच माणूस जीव घेऊन पळाला. बैर-शेबा येथे चाकराला मागे ठेवले, एक दिवसाची वाट रानात चालून गेला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. पुढे काय होते ते सावकाश वाचण्यासारखे आहे. देवदूत येतो, पण त्याला जाब विचारत नाही, विश्वासावर प्रवचन देत नाही. एलीया झोपलेला असतो. दूत त्याला हात लावून उठवतो आणि खा म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. दूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो तेव्हाही आधी भाकरच. मग चाळीस दिवसांची वाट, होरेब डोंगर, आणि तिथे वारा, भूकंप, अग्नी सरल्यावर ऐकू आलेली शांत, मंद वाणी. एलीयाची तक्रार एकच होती, मी एकटा उरलो. तिला उत्तर मिळते तेही नेमके त्याच दुखण्यावर: इस्राएलात सात हजार माणसे अजून उभी आहेत, आणि परत जाऊन अलीशाला तुझ्या जागी अभिषेक कर. म्हणजे झोप, अन्न, एकांत आणि शेवटी कामात भागीदार, हा क्रम आहे. यातला पहिला भाग मंडळ्या कधीकधी करतात. शेवटचा भाग जवळजवळ कधीच करत नाहीत.

येशूच्या बाबतीत शुभवर्तमाने आणखी प्रांजळ आहेत. मार्काच्या सहाव्या अध्यायात प्रेषित दौऱ्यावरून परत येतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांची इतकी गर्दी होते की त्यांना जेवायलाही सवड मिळत नाही, आणि येशू त्यांना एकांतात चलून थोडा विसावा घ्यायला सांगतो. हा प्रसंग उपदेशात इथपर्यंतच सांगितला जातो. प्रत्यक्षात तो विसावा मिळत नाही. मचवा पलीकडे लागायच्या आधीच लोक पायी धावत तिथे पोचलेले असतात. येशूला त्यांचा कळवळा येतो, तो शिकवत बसतो आणि संध्याकाळी पाच हजारांना जेवू घालतो. पण गोष्ट तिथेही संपत नाही. जेवणे झाल्यावर तो शिष्यांना मचव्यात बसवून पुढे धाडतो, लोकसमुदायाला स्वतः निरोप देतो आणि डोंगरावर प्रार्थनेला एकटा जातो. बुडालेला विसावा त्याच दिवशी, उशिरा का होईना, भरून काढतो. अडलेल्या माणसाला परतवायचे नाही, आणि त्या नावाखाली विसावा कायमचा सोडूनही द्यायचा नाही, असा हा तोल आहे. त्याच शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमातले सगळे लोक शोधत असताना तो परत न फिरता दुसऱ्या गावांकडे जातो. त्या दिवशी कफर्णहूमात काही रोगी राहिले असतीलच. देवाच्या पुत्रानेही प्रत्येक हाकेला ओ दिली नाही, हे सेवकांनी मनात धरून ठेवावे.

शब्बाथाची आज्ञा या सगळ्याच्या मुळाशी आहे, आणि तिच्यातली एक बाब नेहमी नजरेतून सुटते. दहा आज्ञांत विसाव्याची आज्ञा घरधन्याला उद्देशून आहे. त्याने स्वतः थांबायचे, आणि त्याचा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, दारी आलेला परका यांनाही थांबू द्यायचे. अनुवादाच्या पुस्तकात ती पुन्हा सांगितली तेव्हा कारणही दिले: तुम्ही मिसरात गुलाम होता आणि देवाने तुम्हाला तिथून बाहेर काढले. म्हणजे विसावा ही ज्याच्या हाती दुसऱ्याचे श्रम आहेत त्याने द्यायची गोष्ट आहे. राबणाऱ्याने तो चोरून घ्यावा अशी आज्ञेची अपेक्षा नाही. हा धागा मंडळीला लावला तर पाळकाची सुटी ही पाळकाची खासगी बाब राहत नाही. ती पंचांची, समितीची, सगळ्या मंडळीची जबाबदारी ठरते.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, आदल्या दिवशी त्याची खांदेमळणी करतात. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या भागात वेळ अमावास्येला, म्हणजे येळवसीला, शहरे ओस पडतात. सगळे घरदार रानात जाते, कडब्याच्या कोपीशी बसून भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे खाते, आणि रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीला बसवते. लातूर जिल्ह्यात प्रशासन या दिवसाची स्थानिक सुटी जाहीर करते. महाराष्ट्रातल्या रविवारच्या सुटीचा इतिहासही चर्चच्या घंटेपेक्षा गिरणीच्या भोंग्याशी जास्त जोडलेला आहे. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे झगडून १८९० साली रविवारची साप्ताहिक सुटी मिळवली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांनी पुढे केले होते. मराठवाड्यात मात्र निजामाच्या राजवटीत सरकारी कचेऱ्या शुक्रवारी बंद असत. त्या काळात इथल्या ख्रिस्ती मजुराला रविवारची उपासना कामाच्या दिवशीच उरकावी लागे. सुटी आपोआप मिळत नाही, कोणीतरी ती आखून द्यावी लागते, हे या दोन्ही अनुभवांतून दिसते.

मराठी मुलखातल्या प्रॉटेस्टंट मिशनसेवेची सुरुवात अकाली मरणांनी झाली. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूवेल हे पहिल्या फळीतले मिशनरी. न्यूवेल १८२१ साली पटकीने गेले आणि हॉल १८२६ साली नाशिकच्या बाजूला उपदेशाच्या फेरीवर असताना त्याच आजाराने गेले. चाळिशीच्या आसपासची ही माणसे. मिशन मंडळे यातून शिकली. उन्हाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीच्या थंड हवेत राहण्याची सोय झाली, आणि काही वर्षांच्या सेवेनंतर मायदेशी दीर्घ रजेवर जाण्याची रीत पडली. त्या रजेत विश्रांती, औषधपाणी आणि अभ्यास होत असे. ही व्यवस्था शहाणपणाची होती. पण ती परदेशी मिशनऱ्यांपुरती होती. त्यांच्याबरोबर उन्हातान्हात फिरणारे देशी उपदेशक आणि घरोघरी जाऊन बायकांना बायबल शिकवणाऱ्या स्त्रिया यांना ना डोंगरावरचा बंगला होता, ना रजेचे वर्ष. स्वातंत्र्यानंतर मिशनरी हळूहळू परत गेले. त्यांचे काम, शाळा, दवाखाने, गावोगावच्या सभा देशी सेवकांच्या हाती आल्या आणि विसाव्याची व्यवस्था मात्र आली नाही. आजच्या थकव्याची एक मुळी या वारशात आहे, असे म्हणायला जागा आहे.

आवेशाचे मराठी रूप पाहायचे तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे पाहावे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यापासून ते शाळा, उपदेश, कविता, 'ज्ञानोदय' या नियतकालिकातले लेखन यांत बुडून गेले. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. वय पंचावन्नच्या पुढे, प्रकृती खालावलेली. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा दरबार त्यांच्यामागे फार काळ तगला नाही. पण 'ख्रिस्तायन' हे त्यांचे अपुरे राहिलेले महाकाव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला हेही कळते, की घरातला एक माणूस सतत उसळत्या उत्साहात असला की संसाराची घडी बसवण्याचा भार दुसऱ्यावर कसा पडतो. टिळकांचा आवेश नसता तर मराठी ख्रिस्ती माणसाला स्वतःच्या भाषेतले भजन इतक्या लवकर मिळाले नसते. तो आवेश कमी असायला हवा होता, असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या भोवती काम वाटून घेणारी आणखी माणसे हवी होती, एवढेच.

अशी माणसे घडवल्याची उदाहरणेही महाराष्ट्रात आहेत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले तेव्हा छपाईचे काम तिथल्याच मुलींना आणि बायकांना शिकवले. शेती, विणकाम, शाळा या खात्यांतही तीच रीत. त्यांची कन्या मनोरमा १९२१ साली गेली, त्या स्वतः १९२२ साली गेल्या, आणि संस्था पुढे चालूच राहिली. मराठवाड्याच्या हद्दीला लागून असलेल्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोन डॉक्टरांनी गावोगाव धावायचे ठरवले असते तर दोघेही लवकरच थकले असते. त्यांनी गावातल्याच, पुष्कळदा अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळंतपण, बाळाचे वजन, जुलाबावरचे मीठ-साखरेचे पाणी ही कामे त्या बायका करू लागल्या. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, काम असेच वाटून देण्याचा सल्ला दिला होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसलेला जावई पाहून इथ्रोने स्पष्ट सांगितले की हे बरे नाही, तूही झिजशील आणि हे लोकही. मग हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नायक नेमले गेले. इथ्रोच्या बोलण्यातला 'हे लोकही' हा भाग महत्त्वाचा आहे. एकाच माणसावर चाललेल्या मंडळीत बाकीच्यांची दाने वापरलीच जात नाहीत. दहावी शिकलेली मुलगी चांगला वर्ग घेऊ शकते, निवृत्त शिक्षक महिन्यातून एक उपदेश देऊ शकतो, दवाखान्यातली परिचारिका रुग्णभेटीची घडी बसवू शकते. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगर रोज चालतो तो सेवेसाठी येणाऱ्या असंख्य हातांवर. त्याच शहरातल्या मंडळ्यांना हे दूर जाऊन शिकायला नको.

आता प्रत्यक्ष व्यवस्थेकडे. कॅथलिक धर्मगुरूंसाठी नियम लेखी आहे: १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार धर्मग्रामाच्या मुख्य धर्मगुरूला वर्षाकाठी एक महिन्यापर्यंत बाहेर राहता येते, आणि वार्षिक रिट्रीटचे, म्हणजे एकांतातल्या प्रार्थनेचे, दिवस त्यात मोजले जात नाहीत. म्हणजे रिट्रीट आणि सुटी या दोन निराळ्या गरजा मानल्या आहेत. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बरेचसे पाळकीय समितीच्या समजूतदारपणावर राहते, आणि स्वतंत्र मंडळीत तर विचारणारेच कोणी नसते. तिथे निदान एवढे व्हावे: आठवड्याचा एक दिवस, बहुधा सोमवार, पाळकाचा म्हणून उपासनेत जाहीर करावा आणि त्या दिवशी फोन कोण घेणार त्याचे नाव सांगावे. वर्षातून दोन-तीन आठवड्यांची सुटी मानधनासह द्यावी. त्या काळात नांदेडच्या पाळकाने लातूरला आणि लातूरच्याने नांदेडला उपदेशाला जावे. एसटीने अर्ध्या दिवसाचा प्रवास आहे, आणि दोन्ही मंडळ्यांना नवा आवाज ऐकायला मिळतो. दानार्पण घटण्याची भीती असेल तर मानधनाचा आकडा त्या आठवड्याच्या थैलीपासून वेगळा करावा. मध्यरात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी प्रत्येक प्रार्थना-विनंती तातडीची नसते, हेही मंडळीने समजून घ्यावे.

संकटाच्या काळात हा नियम तसाच चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसे गेली. कासा आणि कारितास यांसारख्या चर्चच्या संस्थाही मदतीला आल्या. ढिगाऱ्यांसमोर उभ्या असलेल्या माणसाला शब्बाथाची आठवण करून देण्यात अर्थ नव्हता. पण अशा कामात पहिले आठवडे सरले की स्वयंसेवकांच्या पाळ्या लावाव्या लागतात आणि परतलेल्याला बोलायला, रडायला जागा द्यावी लागते. ती दिली नाही तर पाहिलेले दुःख कित्येक वर्षे त्याच्याबरोबर राहते.

विसाव्याच्या नावाने जे होते त्यातले सगळेच विसावा नसते. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत सत्रे असलेले तीन दिवसांचे शिबिर सेवकांसाठी ठेवायचे आणि त्याला आध्यात्मिक विश्रांती म्हणायचे, ही जुनी चूक आहे. संजीवन सभांची गरज निराळी, विसाव्याची निराळी. दिवसभर मोबाइलवर बोट फिरवत पडून राहणे हाही विसावा नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियस या साधूने भर दुपारी येणाऱ्या एका उदासीचे वर्णन करून ठेवले आहे. तीत साधूला आपली खोली, आपले काम, आपले सोबती नकोसे होतात, ऊन सरता सरत नाही. त्यावर त्याचा उपाय जागा न सोडण्याचा आणि प्रार्थना व हातचे काम नेमाने चालू ठेवण्याचा होता. म्हणजे प्रत्येक कंटाळा हे सुटीचे कारण नव्हे. काही कंटाळे नेमाने काम केल्यावरच जातात. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी नियमावली केली. तिच्यात प्रार्थना, शारीरिक श्रम, वाचन आणि झोप यांच्या वेळा ठरवून दिल्या आहेत, आणि उन्हाळ्याच्या महिन्यांत दुपारच्या जेवणानंतर खाटेवर पडायची मुभा आहे. चाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या मे महिन्यात दुपारी दोनला घरभेटी करणाऱ्या मराठवाड्यातल्या सेवकाने ही मुभा बिनदिक्कत घ्यावी. उत्साह टिकतो तो अशा लहान, रोजच्या, ठरलेल्या थांब्यांवर. वर्षातून एकदा घेतलेल्या मोठ्या सुटीने तो परत येतोच असे नाही.

विसाव्याने न सुटणारे प्रश्नही आहेत. समितीतल्या दोन घराण्यांचे भांडण, सहा महिने थकलेले मानधन, वरच्यांचा मनमानी बदलीचा हुकूम यांनी माणूस पोळला असेल तर त्याला आठ दिवस महाबळेश्वरला पाठवून भागत नाही. तिथे भांडण मिटवणे, मानधन चुकते करणे, बदलीचे नियम पाळणे हेच औषध असते. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालेली, भूक मेलेली, कशातच रस नाही, जगणे नकोसे झाले आहे, असे मनात येत असेल तर ते नैराश्य असू शकते. त्याला उपचार लागतात. मधुमेहाची गोळी घेताना जसा विश्वास कमी होत नाही तसा याही गोळीने होत नाही. नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांकडे दाखवता येते. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा २०२२ सालापासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही, मराठीत आणि पैसे न देता, समुपदेशकाशी बोलता येते.